“मर ना बे लवकर!”

परवा रात्री साडेअकराच्या सुमाराला मुलाच्या खोलीतून ओरडण्याचा आवाज आला. “अरे मला कव्हर द्या, मी मेलो तर सगळेच मरतील!” आता बापाच्या कानावर असं वाक्य पडलं तर तो धावणारच. धावलो. चिरंजीव कानाला हेडफोन लावून संगणकासमोर बसलेले. त्यांच्या टोळीत पुण्याचे दोन, नाशिकचा एक आणि एक असा की ज्याचं खरं नावही याला माहीत नाही. कुठल्याशा ग्रहावर लढाई चालली होती. मला हातानेच “जा” अशी खूण झाली.

मी गेलो, पण ते वाक्य काही जाईना. ‘मी मेलो तर सगळेच मरतील.’ आम्ही लहानपणी व्हिडिओ गेमच्या मशीनसमोर उभं राहून याच्या बरोब्बर उलटं ओरडायचो. आमच्या वऱ्हाडीत सांगायचं तर, “मर ना बे लवकर!”

या दोन वाक्यांच्या मधे काय काय घडलं ते शोधत बसलो आणि दोन रात्री गेल्या. तेच आज इथे लिहितोय. घरची मंडळीही हे वाचतात. त्यातल्या एकाने तर शेवटपर्यंत वाचावंच अशी विनंती आहे.

तर, वाशिम, १९८९ सालची उन्हाळ्याची सुट्टी. वाशिम तेव्हा जिल्हा नव्हता, अकोला जिल्ह्यातलं एक तालुक्याचं गाव (जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ ला). आत्या अकोल्याला असायची. परीक्षा संपली की आतेभाऊ मीटरगेजच्या गाडीत बसून आमच्याकडे यायचा. तो माझ्याहून तीन वर्षांनी मोठा, म्हणून दादा. दादा आला की माझी सुट्टी सुरू.

पाटणी चौकातून थोडं आत गेलं की टिनाचं एक शेड होतं. बाहेर पडदा, आत अंधार आणि चार मशिनं. आजोबांच्या मते ते वाया जाण्याचं ठिकाण होतं, त्यामुळे आम्ही तिथे ‘देव तलावावर जाऊन येतो’ असं सांगून जायचो. रुपयाला एक डाव. चारातलं एक मशीन ‘विमानाचं’. आम्ही त्याला विमानाचा गेम म्हणायचो, पण खाली होतं ते अंतराळयान आणि वर होती रांगेत उभी राहिलेली रंगीत किड्यांची फौज. मधूनच एखादा किडा रांग सोडायचा आणि गिरकी घेत अंगावर यायचा. मागे चांदण्या सरकत राहायच्या. त्या चांदण्यांचं मला फार अप्रूप होतं. आमच्या गच्चीवरून दिसणारं आभाळ तसं सरकत नव्हतं ना!

या खेळाचं नाव ‘गॅलॅक्सियन’ हे मला फार पुढे कळलं. जपानच्या नामको कंपनीने तो १९७९ साली काढला. म्हणजे वाशिमच्या शेडमध्ये आम्ही खेळत होतो तेव्हा तो दहा वर्षांचा म्हातारा झालेला होता. त्याच्या आदल्या वर्षी, १९७८ मध्ये, ‘स्पेस इनव्हेडर्स’ने जपानला वेड लावलं होतं. त्याला उत्तर म्हणून नामकोने ‘गॅलॅक्सियन’ आणला. ‘स्पेस इनव्हेडर्स’चं चित्र मुळात कृष्णधवल. इथला प्रत्येक किडा मात्र वेगवेगळ्या रंगांचा, आणि तो रांग मोडून तुमच्यावर झेप घेणारा. नामकोची सुरुवात आठवली की मला हसू येतं. मासाया नाकामुरा या गृहस्थाने १९५५ साली योकोहामातल्या एका मोठ्या दुकानाच्या गच्चीवर मुलांसाठी डुलणारे दोन घोडे बसवले होते. आपल्या जत्रेतल्या लाकडी घोड्यांचाच धंदा म्हणायचा. तिथून हे किडे निघाले.

दादा त्या मशीनचा राजा होता. गॅलॅक्सियनमध्ये एका वेळी एकच गोळी सुटते. ती कशाला लागेपर्यंत किंवा पडद्याबाहेर जाईपर्यंत दुसरी नाही. त्यामुळे नुसतं बटण बडवणारा तिथे टिकत नसे. आणि पिवळं मुख्य यान दोन लाल साथीदार घेऊन खाली झेपावलं की आधी ते दोन लाल टिपायचे आणि मगच पिवळं. असं केलं तर आठशे गुण. साथीदार जिवंत असताना पिवळं मारलं तर तीनशेच. हे कुठे लिहिलेलं नव्हतं. दादाने रुपये घालवून शोधून काढलं होतं आणि ते फक्त मला सांगितलं होतं, आजीची शपथ घालून.

आता मुद्द्याची गोष्ट. मशीनवर ‘दोन खेळाडू’ असं बटण असायचं. पण त्याचा अर्थ दोघांनी मिळून खेळायचं असा नव्हताच! एकाचं यान फुटलं की दुसऱ्याची पाळी, त्याचं फुटलं की पुन्हा पहिल्याची. ‘स्पेस इनव्हेडर्स’, ‘गॅलॅक्सियन’, १९८१ चा ‘गॅलागा’, सगळ्यांत हीच रीत. जोडीदार मेल्याशिवाय आपला हात काठीला लागत नाही. म्हणून “मर ना बे लवकर!” पोरं दुष्ट नव्हती, खेळाची मांडणीच तशी होती.

दोघांनी एकाच वेळी खेळायचा अंतराळातला खेळ नव्हताच असं नाही. उलट पहिलावहिला तोच. अमेरिकेत एमआयटीच्या तरुणांनी १९६२ साली पीडीपी-१ नावाच्या कपाटाएवढ्या संगणकावर ‘स्पेसवॉर’ केला. मधे एक तारा, भोवती दोन यानं, आणि ताऱ्याचं गुरुत्वाकर्षण दोघांनाही ओढतंय. पण ती दोन यानं एकमेकांवरच गोळ्या झाडायची. म्हणजे आपल्यापुढे पर्याय दोन. समोर उभं राहून एकमेकांना मारा, नाहीतर बाजूला उभं राहून दुसऱ्याच्या मरणाची वाट पाहा.

पण मग ‘सगळे एका नावेत’ हे आलं कुठून? एका खेळातून आलं असं कुणी म्हणू नये, वाटा अनेक असतील. पण मला जो सापडला तो खेळ नेमका आमच्या विमानाच्या गेमचाच वंशज निघाला, आणि मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो.

जपानमध्ये ओसाका शहरात १ एप्रिल ते ३० सप्टेंबर १९९० या काळात फुलांचं आणि बागांचं मोठं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरलं होतं. दोन कोटींहून जास्त लोक येऊन गेले. त्या फुलाझाडांच्या मेळ्यात नामकोने एक गोल इमारत उभारली. आत गोलाकार मांडलेल्या अठ्ठावीस खुर्च्या, प्रत्येक खुर्चीपुढे एक बंदूक, चहूबाजूंनी पडदा. आणि खुर्च्यांखालची अख्खी जमीन हलणारी, डुलणारी. खेळाचं नाव ‘गॅलॅक्सियन ३’. हा तीन भाग तिसरा म्हणून नाही बरं का, तो गणितातल्या घनासारखा वरच्या अंगाला लिहितात. अठ्ठावीस जण ‘ड्रॅगून’ नावाच्या एकाच यानाचे तोफची. ग्रह फोडून टाकणारं शत्रूचं एक प्रचंड अस्त्र नष्ट करायचं ही कामगिरी. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे यानाची ढाल एकच! फटका कुणाच्याही बाजूने बसो, कमी होते ती सगळ्यांची शक्ती. ती संपली की अठ्ठाविसांचा खेळ एकदम संपला.

म्हणजे १९८९ साली मी वाशिममध्ये “मर ना बे” म्हणत होतो आणि पुढच्याच वर्षी ओसाकात शेजारच्या खुर्चीवरच्या परक्या माणसाला “नीट मार, नाहीतर मीही जाईन” असं म्हणायची वेळ लोकांवर आली होती.

एवढ्या मोठ्या पडद्यावर खरंखुरं वाटणारं अंतराळ १९९० चा संगणक काही स्वतः काढू शकत नव्हता. त्याला काही त्रिकोण-चौकोन भरभर काढता येत, म्हणजे शत्रूची यानं वगैरे. मागचं भव्य दृश्य आधीच तयार करून ठेवलेलं असे, ते लेझरडिस्कवर. लेझरडिस्क आमच्या वाशिममध्ये कुणी बघितलीच नसावी. आम्ही व्हिडिओ कॅसेटवरून उडी मारली ती थेट सीडीवर. पण परदेशात ती १९७८ च्या डिसेंबरपासून बाजारात होती. सीडीसारखीच चकचकीत, पण जेवायच्या ताटाएवढी, तीस सेंटिमीटर व्यासाची. दिसायला सीडीची थोरली बहीण असली तरी तिच्यावरचं चित्र आकड्यांत साठवलेलं नसतं, कॅसेटसारखंच लहरींच्या रूपात असतं. कॅसेटला न जमणारी एक गोष्ट मात्र तिला जमायची. एका प्रकारच्या डिस्कच्या एका बाजूवर अर्ध्या तासाची ५४,००० चित्रं, आणि प्रत्येकाला क्रमांक. अमुक क्रमांकाचं चित्र दाखव म्हटलं की लेझर तिकडे उडी मारणार.

याच उडीवर १९८३ साली एक लाट आली होती. सेगाचा ‘ॲस्ट्रॉन बेल्ट’ आला. त्यात मागे चक्क जुन्या सिनेमांतली अंतराळयुद्धाची दृश्यं चालायची आणि पुढे आपलं यान. (त्यातली काही ‘मेसेज फ्रॉम स्पेस’ या १९७८ च्या जपानी सिनेमातून उचललेली.) अमेरिकेत ‘ड्रॅगन्स लेअर’ आला, डॉन ब्लूथच्या हाताने काढलेल्या कार्टूनचा. इतर खेळांना पंचवीस सेंट पडत तिथे याला पन्नास, तरी रांगा. पण त्यात खेळण्यासारखं होतं काय? योग्य क्षणी काठी डावीकडे नाहीतर उजवीकडे. चुकलात की डिस्क मरणाच्या दृश्यावर उडी मारणार, आणि ती उडी होईपर्यंत पडदा क्षणभर काळा. दिवसभर अशा उड्या मारून यंत्रं बिघडायची. दोनेक वर्षांत लाट ओसरली.

नामकोने ती बाजूला पडलेली डिस्क पुन्हा उचलली, पण मला वाटतं तिची खोड ओळखून उचलली. डिस्कवरचा रस्ता आधीच ठरलेला असतो. यान कुठून कुठे जाणार हे पक्कं छापलेलं. त्यामुळे खेळाडूला सुकाणू देताच येत नाही, देता येते फक्त बंदूक. एकट्या खेळाडूला हे जाचतं, पण अठ्ठावीस जणांना हेच हवं! सुकाणू असतं तर ते कुणाच्या हातात यावरून भांडणं झाली असती. (आमच्या एकत्र कुटुंबात स्कूटर एक आणि चालवणारे पाच होते, मला विचारा.) रस्ता ठरलेला, चालक कुणीच नाही, सगळे तोफची. तंत्राच्या तोकडेपणातून ही एकजूट निघाली असं माझं मत आहे. कंपनीने तसं कुठे म्हटल्याचं माझ्या वाचनात नाही.

प्रदर्शन संपल्यावर अठ्ठावीस खुर्च्यांचा हा संसार टोकियोत नामकोच्याच ‘वंडर एग्ज’ नावाच्या बागेत गेला. ती बाग १९९२ मध्ये उघडली आणि २००० साल संपताना बंद झाली. मधल्या काळात धाकटी आवृत्ती निघाली, ‘थिएटर ६’. सहा जण एका बाकावर, समोर शंभर इंचांहून मोठे दोन पडदे शेजारी-शेजारी, आणि दोन्ही मिळून एक सलग आकाश दिसावं म्हणून दोन लेझरडिस्क प्लेअर एकमेकांशी पावलं जुळवून चालणारे. १९९४ मध्ये याच बाकासाठी ‘अटॅक ऑफ द झोलगिअर’ हा पुढचा खेळ आला. प्लेस्टेशनवर १९९६ मध्ये घरगुती आवृत्तीही आली, चौघांपर्यंत खेळता येणारी. पण टीव्हीसमोर चौघे बसणं वेगळं आणि एका डुलणाऱ्या यानात अठ्ठावीस जण असणं वेगळं. मी हे सगळं फक्त चित्रफितींत पाहिलं. गंमत म्हणजे खेळ संपला की प्रत्येकाचे वेगळे गुण दिसतात. मरण सामाईक, पण मार्कशीट ज्याची त्याची.

आता आमच्या गॅलॅक्सियनची गोष्ट बघा. तो ज्या चिपांवर होता त्यातला मजकूर लोकांनी उतरवून घेतला, आज तो कुठल्याही संगणकावर चालतो. गॅलॅक्सियन ३ चं तसं नाही. खुर्च्या, पडदे, प्रोजेक्टर, डिस्क हे सगळं जागेवर असेल तर खेळ. थिएटर ६ ची चालू स्थितीतली यंत्रं आज मोजकीच उरलीत. त्यातही डिस्कला एक रोग आहे, ‘लेझर रॉट’. डिस्कचे दोन भाग चिकटवणारा गोंद दगा देतो, आतला ॲल्युमिनियमचा थर गंजायला लागतो आणि चित्रावर ठिपके पडतात, वाढत जातात. डिस्क वाजवणारी यंत्रं पायोनिअरने २००९ मध्ये बनवणं थांबवलं. चित्र लहरींच्या रूपात असल्याने सीडीसारखी सरळ नक्कलही होत नाही. काही हौशी मंडळींनी लेझरकडून येणारी कच्ची लहरच संगणकात भरून घ्यायची युक्ती काढली. त्या उपकरणाला ‘डोम्सडे डुप्लिकेटर’ म्हणतात. नावामागे गोष्ट आहे. १०८६ सालची ‘डोम्सडे बुक’ नावाची इंग्लंडची जमीनमोजणी अजून वाचता येते. तिला ९०० वर्षं झाली म्हणून १९८६ मध्ये बीबीसीने शाळकरी मुलांकडून देशाची माहिती गोळा करून लेझरडिस्कवर घातली. ती वाचणं पंधरा-वीस वर्षांतच मुश्किल होऊन बसलं!

हे वाचताना मला आजोळ आठवलं. माझं आजोळ कारंजा लाड, हेही आता वाशिम जिल्ह्यातच. तिथल्या जैन मंदिरांच्या भांडारांमध्ये जुन्या हस्तलिखितांचे गठ्ठे होते. हिरालाल जैन यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ते पाहिले तेव्हा त्यात अपभ्रंश भाषेतले ग्रंथ निघाले. दहाव्या शतकातल्या पुष्पदंत कवीचं ‘णायकुमारचरिउ’ त्यांनी १९३३ मध्ये कारंजाच्याच ग्रंथमालेत छापलं. पुष्पदंताच्या हातची मूळ प्रत काही हजार वर्षं टिकली नव्हती. जीर्ण झालेली पोथी पाहून कुणीतरी दुसरी उतरवली, पुन्हा तिसऱ्याने उतरवली. लहानपणी आम्ही त्या मंदिराच्या ओट्यावर गोट्या खेळायचो आणि आत काय आहे याचा पत्ता नव्हता. मला ते डिस्कवाले हौशी लोक त्या लेखनिकांचेच भाऊबंद वाटतात.

असो. भरकटलो. शेडमध्ये परत येतो.

गॅलॅक्सियनच्या मशीनला स्वतःची आठवण नसते. सगळ्यात जास्त गुण वर लिहून येतात खरे, पण वीज गेली की पुसले जातात. पुन्हा शून्यापासून. त्या सुट्टीतल्या एका संध्याकाळी आमच्याकडे शेवटचे दोन रुपये होते. ‘दोन खेळाडू’ दाबलं. पहिला दादा. आणि त्या दिवशी दादाला काहीतरी झालं होतं. तो मरेचना. लाल, लाल, पिवळा, आठशे. पुन्हा लाल, लाल, पिवळा, आठशे. शेडमधली पोरं आपापली मशिनं सोडून आमच्याभोवती जमली. वरचा आकडा मागे पडला. सात वाजता घरी पोचायचं होतं आणि माझा रुपया त्या मशीनच्या पोटात पडून होता. मी आधी हळू म्हटलं, मग ओरडलो, “मर ना बे लवकर!” दादाने मान वळवली नाही.

मग अचानक चारही मशिनं अंधारली.

वाशिममध्ये वीज जाण्याचं कारण कुणी विचारत नसे. पोरांनी “हूं” केलं. दादाने मात्र मूठ उगारली आणि काचेवर मारली. काच तडकली. मालकाने त्याची बखोट धरून घरी आणलं. आजोबांनी काचेचे पैसे मोजून दिले आणि मग सगळ्यांसमोर छडी काढली. दादा रडला नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळच्याच गाडीने तो अकोल्याला परत गेला. पुढच्या उन्हाळ्यात आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. नंतर भेटलो ते लग्नकार्यात, मोठी माणसं म्हणून.

शेडला लागून एक रसवंती होती. तिचा चरखा विजेच्या मोटारीवर फिरायचा, त्याला घुंगरं बांधलेली. आमची मशिनं अंधारली त्या क्षणी, आणि दादाची मूठ काचेवर पडली तेव्हाही, ती घुंगरं वाजतच होती. कुणाच्या लक्षात आलं नाही. मी मात्र ऐकत होतो, कारण मी गर्दीतून मागे सरकून शेडच्या मागच्या भिंतीपाशी, चारही मशिनांच्या वायरी जिथे येत त्या लाकडी बोर्डाजवळ उभा होतो.

दादा, त्या दिवशी वीज गेली नव्हती. खटका मी पाडला होता. माझाही रुपया त्यात गेला हे माझ्या डोक्यात घरी जाताना आलं.

तुझे किती गुण झाले होते ते तुला नीट दिसलं नसेल, तू पडद्यावर खाली बघत होतास. मी बोर्डाकडे जायच्या आधी वाचले होते. एकवीस हजार चारशे साठ. आणखी एक पिवळा मुख्य तेव्हा दोन लालांना घेऊन रांगेतून सुटला होता.